टँकरच्या रांगेतली हातभर जागा

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा निलंग्याकडची चांगुणा कांबळे कचेरीत टायपिस्ट म्हणून लागली. जुन्या गल्लीत तिला खोली मिळाली. शेजारच्या चंद्रप्रभाबाई वकिलाच्या विधवा, सोवळ्याओवळ्याच्या. बौद्धांची पोर शेजारी आलेली त्यांना रुचली नाही. भांडल्या नाहीत, ती दिसतच नाही असं वागू लागल्या.

त्यात दुष्काळ पडला. गल्लीत टँकर येऊ लागला. रांगेत चांगुणा पुढं असली की बाई आपली घागर जरा लांबच ठेवत. एके दिवशी चांगुणा अदबीनं म्हणाली, "काकू, एवढ्याशा जागेनं काय होतंय?" आणि स्वतःची घागर आणखी हातभर पुढं ओढली.

त्या मोकळ्या जागेत किराणावाल्या संगप्पाची दोन पिंपं अलगद बसली. बाईंचा नंबर येईतो टँकर रिकामा.

"माझ्यातलं निम्मं घ्या की," चांगुणा म्हणाली.

बाई रिकामी घागर घेऊन घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी आपली घागर चांगुणाच्या घागरीला खेटून ठेवली, आणि संगप्पाकडे रोखून पाहिलं.

टँकरची वाट बघता बघता बोलणं सुरू झालं. एकदा बाईंनी विचारलं, "तुम्ही लोकांनी देव का सोडले गं?"

"देवळात आम्हाला आत घेत नव्हते, काकू. वडील म्हणाले, बाहेर किती पिढ्या उभं राहायचं? आता मी इचारू? माझ्या हातचं पाणी तुम्ही का घेत न्हाई?"

बाई टँकर येतोय का ते बघू लागल्या. मग म्हणाल्या, "सासूबाई घेत नसत कुणाकडचं."

"त्या का घेत नव्हत्या?"

"त्यांना विचारायची कुणाची छाती होती?"

दोघींनाही हसू फुटलं. त्यानंतर उन्हाळाभर सासूबाईंचे किस्से पुरले.

बुद्धपौर्णिमेला चांगुणानं खीर केली, बाईंना बोलावलं नाही. संध्याकाळी बाईच दारात उभ्या.

"गल्लीभर वास सुटलाय. मला बोलावणं नाही?"

"तुम्हाला न्हाई म्हणायचं अवघड जाईल, म्हणून."

बाई बसल्या, खीर संपवली, "वेलदोडा कमी पडला" म्हणाल्या आणि वाटी पुन्हा पुढं केली.

नांदेडच्या नणंदेला हे कळलं. ती आली तीच नाक मुरडत. बाईंनी शांतपणे सांगितलं, "आधी तिच्याशी बोलून ये. मग हवं तेवढं मुरड."

नणंद तरातरा गेली. पानं वाढून झाली, आमटी निवली, तरी तिचा पत्ता नव्हता.