पाहुणा यायचाय अजून

किरण भोये गेल्याची बातमी मला बंगळुरूहून कळली. तो राहायचा पेठ रोडला, मी राहतो कॉलेज रोडला. मध्ये गोदावरी आणि गर्दी नसेल तर जेमतेम अर्ध्या तासाचा रस्ता. तरी कळवलं ते प्रांजलने, एका आसामी मुलाने, जो आता नोकरीसाठी तिकडे असतो. सकाळी उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. फोनवर त्याचं नाव दिसलं तेव्हा वाटलं, शिफारसपत्र हवं असेल. पलीकडून त्याने विचारलं, "सर, किरण के घर हो आए आप?" मी विचारलं, "क्यों?" मला काहीच कळलेलं नाही हे ओळखून मग त्याने सांगितलं. पेठकडचं एक लग्न शूट करून किरण मोटारसायकलवर परत येत होता. सावळघाटात दाट धुकं होतं, वळणावर समोरून पिकअप आली. त्याला तीन दिवस होऊन गेले होते. राख थंड झाली होती आणि मला पत्ता नव्हता.

मी किरणचा शिक्षक. कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो. काही वर्षांपूर्वी आसाममधल्या एका कॉलेजबरोबर आम्ही सांस्कृतिक देवाणघेवाणीचा उपक्रम सुरू केला, त्याचा प्रमुख मी होतो. तिकडची मुलं आठवडाभर नाशिकला येणार, नंतर आमची मुलं तिकडे जाणार. अट एवढीच की हॉटेलात राहायचं नाही, एकमेकांच्या घरी राहायचं. आणि मुलांनी सगळं कॅमेऱ्यावर, मोबाईलवर टिपून शेवटी त्याची एक फिल्म करायची. घरी पाहुणा ठेवायला कोण तयार आहे, असं वर्गात विचारलं तेव्हा पहिला हात किरणचा वर गेला. तो तेव्हा एस. वाय.ला होता. मूळ गाव पेठ तालुक्यात डोंगरात. वडील कामासाठी नाशिकला आले ते इथलेच झाले, एका इमारतीवर वॉचमन आहेत. आई, ताराबाई, मखमलाबादकडच्या द्राक्षबागांत कामाला जाते.

यजमानांची घरं आधी बघून यायची, हा नियम मीच केला होता. किरणच्या घरी गेलो तेव्हा ताराबाईंनी त्या दिवशीचं काम बुडवलेलं होतं. पत्र्याच्या दोन खोल्या, नुकत्याच रंगवलेल्या. रंगाचा वास अजून होता. आणि बाहेरच्या खोलीत एक कोरी गादी, पाहुण्यासाठी मुद्दाम भरून आणलेली, तिच्यावर घड्यांच्या रेघा न मोडलेली फुलाफुलांची चादर. "आमी समदे खालीच झोपतो," त्या म्हणाल्या, "पन पाव्हना लांबून यायचा. त्याला कसं खाली टाकायचं?" मग त्यांनी विचारलं, ते लोक खातात काय? भात, असं मी सांगितल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. मूळच्या पेठच्या त्या, भात म्हणजे घरचंच. मी चहा घेतला, छान छान म्हणालो, आणि निघताना सहज विचारल्यासारखं संडासाचं विचारलं. किरणने चाळीच्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथे सार्वजनिक होते, आणि बाहेर दोघंतिघं बादली घेऊन उभे होते.

घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी दुपारी मी किरणला स्टाफरूममध्ये बोलावलं. म्हणालो, शूटिंगची सगळी जबाबदारी तुला देतोय. घरी पाहुणा असला की तू अडकून पडशील, तुला मोकळं राहायला हवं. त्याच्या वाट्याचा प्रांजल मी गंगापूर रोडला एका डॉक्टरांच्या बंगल्यावर टाकला. त्यांची मुलगी आमच्याच वर्गात होती. किरणने एवढंच विचारलं, "आईला काय सांगू, सर?"

"सांग, कॉलेजने मोठं काम दिलंय."

"बरं सर," तो म्हणाला आणि कॅमेऱ्याची बॅग उचलून गेला.

त्या संध्याकाळी मी स्वतःवर खूश होतो, हे मला लिहिलंच पाहिजे. मुलाला अवघडलेपणातून वाचवलं, वर त्याचा मानही राखला, असं मला वाटत होतं. खरं एवढंच होतं की तिकडचे प्राध्यापक काय म्हणतील याची मला भीती वाटली. चाळीच्या टोकाला बादली घेऊन उभा असलेला आसामी मुलगा मला दिसत होता, आणि त्याची लाज किरणला नव्हे, मला वाटत होती. किरणने तर स्वतः बोट दाखवलं होतं.

आणि गंमत अशी, किंवा दुर्दैव म्हणा, की मी थाप म्हणून दिलेलं काम त्याने मनापासून केलं. त्याच्या हाताला कॅमेरा जणू ठाऊकच होता. रामकुंडावर, मिसळीच्या टेबलावर, देवळाली कॅम्पच्या बाजारात, डॉक्टरांच्या दिवाणखान्यात तो कुणाच्या अंगावर न जाता कोपऱ्यात उभा राहायचा. त्याची एक सवय होती. बोलणं संपलं तरी कॅमेरा लगेच बंद करायचा नाही. हात वर करून म्हणायचा, "हलू नका, जरा वेळ." एडिटिंगला मागचं थोडं जास्तीचं लागतं, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्याच दिवशी मुलांनी त्याचं नावच पाडलं. तो दिसला की कुणीतरी ओरडायचं, "गप बसा रे, हलूनका आला!" आणि डॉक्टरांची मुलगी पुतळ्यासारखी उभी राहायची. तोही हसायचा. सगळ्यांची घरं त्याने टिपली, सगळ्यांच्या आया पाहुण्यांना वाढताना टिपल्या. शेवटच्या दिवशी पाहुण्या मुलांनी प्रत्येक यजमान घरात लाल काठाचा पांढरा गामोसा दिला, तिकडे सन्मान म्हणून देतात तो. तेही त्यानेच टिपलं. त्याच्या घरी गामोसा गेला नाही. प्रांजलने मला एकदा विचारलं होतं, किरणचं घर बघायला जाऊ का म्हणून. मी म्हणालो, वेळ नाही, बस ठरलेली आहे.

फिल्म जुळवायला बसलो तेव्हा त्यात एक तुकडा निघाला. उंबऱ्यातून घेतलेला. ती रंगवलेली खोली, खाली अंथरलेली गादी, तिच्या उशाशी तांब्या आणि फुलपात्र, आणि बाजूला ठेवणीतलं लुगडं नेसून ताराबाई बसलेल्या, फोटोला बसतात तशा ताठ. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी सकाळी, म्हणजे मी बोलावण्याच्या आधी, त्याने तो मोबाईलवर घेतला होता. मी म्हणालो, हा काढून टाकू, विषयात बसत नाही. यात पाहुणाच नाही.

"म्हणूनच ठेवला होता, सर," किरण म्हणाला.

त्याचा आवाज चढलेला नव्हता. मी मान हलवली, पडद्याकडे बघत राहिलो आणि त्यालाच तो तुकडा काढायला सांगितला. त्याने काढला.

पुढच्या थंडीत आम्ही आसामला गेलो. किरण प्रांजलच्या घरी उतरला. जोरहाटच्या पुढे, भातखाचरांच्या कडेला त्यांचं गाव. मातीने लिंपलेल्या बांबूच्या भिंती, अंगणात हातपंप. मी तिथे भेटायला गेलो तेव्हा किरण चुलीपाशी प्रांजलच्या आईजवळ बसून सुकी मासळी भाजत होता. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि दोघं अखंड बोलत होती. मला सुपारी-पान दिलं गेलं. निघताना किरण मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. केळीच्या झाडांमागे पत्र्याचा एक आडोसा होता, तो दाखवून हसत म्हणाला, "सर, यांचाही बाहेरच आहे."

मीही हसलो. त्याला पहिल्या दिवसापासून सगळं समजलेलं होतं, आणि त्याने ते मला एवढ्या हलक्या हाताने सांगितलं की मला माफी मागायलाही जागा राहिली नाही... की होती, आणि मी ती घेतली नाही? त्या रस्त्यावर आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, थंडी वाढली, आत जा.

बी. ए. झाल्यावर त्याने हप्त्यावर कॅमेरा घेतला आणि लग्नं शूट करायला लागला. घोटीपासून पेठपर्यंत त्याला बोलावणी असत. मागच्या वर्षी एका लग्नात तो मला दिसला. मी स्टेजवर आहेर द्यायला चढलो तर समोरून ओळखीचा आवाज आला, "सर, थोडं डावीकडे... हलू नका, जरा वेळ." खाली उतरल्यावर तो भेटला, पाया पडला. म्हणाला, आई विचारते तुमचं, एकदा या ना चहाला. मी म्हणालो, येतो, नक्की येतो. आमची शेवटची भेट ती. लोक मला समजावतात की अपघाताला काय कारण असतं. असेलही तसं. पण त्याच्या हातात कॅमेरा मी दिला, आणि का दिला ते मला माहीत आहे. पाहुणा ज्याचा त्याच्याकडे गेला असता, तर शूटिंग दुसऱ्या कुणी केलं असतं. त्या दिवशी त्या घाटात कोण असतं, कोण नसतं, याचा हिशेब रोज पहाटे मनात उघडतो आणि जुळत नाही.

प्रांजलचा फोन आला त्याच दिवशी मी पेठ रोडला गेलो. सतरंजीवर माणसं बसली होती. हार घातलेला फोटो कॉलेजच्या ओळखपत्रावरचा होता, मोठा करून घेतलेला, त्यामुळे चेहरा पुसट झालेला. "दुसऱ्यांचे काढायचा," ताराबाई म्हणाल्या. "सोताचा धड एक नाय." त्यांनी माझ्यावर कसलाही राग धरलेला दिसला नाही, आणि ते मला जास्त कठीण गेलं. जरा वेळाने म्हणाल्या, फोटोचं काय, बघता येतो. पण तो बोलत नाही. सर, तुमच्याकडं त्याचं बोललेलं काही हाय का? मी म्हणालो, बघतो. अशा घरातून उठताना येतो म्हणायचं नसतं. तसा न बोलताच उठलो.

कॉलेजच्या जुन्या डिस्कवर सगळं कच्चं शूटिंग होतं, फिल्ममधून काढलेलंही. नाशिकचा आठवडा, आसामचा आठवडा. सगळ्यांचे चेहरे, सगळ्यांची हसणी. किरण कुठेच नाही. "हलू नका" एवढंच कधीतरी, लांबून. धड ऐकू येणारा आवाज एकाच तुकड्यात होता, मी काढायला लावलेल्या. तो मी फोनमध्ये घेतला आणि कितीतरी दिवस नुसता जवळ ठेवला. पेठ रोडला जायला पाय निघाला नाही.

मग प्रांजल आला. रजा मिळायला त्याला उशीर झाला होता. बंगळुरूहून पुणे, तिथून बसने इथल्या द्वारका चौकात उतरला, मी गाडी घेऊन गेलो होतो. त्याची बॅग डिकीत टाकता टाकता मी म्हणालो, भेटून येऊ, पण राहायचं आमच्याकडे. वहाँ तुम्हें तकलीफ होगी. बोलून गेलो आणि हात डिकीवरच राहिला. तोच मी, तीच काळजी, तोच सूर. प्रांजलला यातलं काही ठाऊक असेल-नसेल. तो शांतपणे म्हणाला, "सर, मैं उसी के घर आया हूँ।"

ताराबाईंनी त्याला दारातच जवळ घेतलं. तो रडला, त्या रडल्या नाहीत. त्याने बॅगेतून गामोसा काढून त्यांच्या खांद्यावर ठेवला. मग त्या आत गेल्या आणि पत्र्याच्या पेटीवरून गादी उतरवायला लागल्या. मी धरू लागलो. तीच गादी. वरचं प्लास्टिक पिवळं पडलेलं, पण आतली चादर तशीच, घड्यांच्या रेघांसकट. किरण शेवटपर्यंत खालीच झोपला, असं त्यांनीच सांगितलं. एवढी कमाई झाली तरी म्हणायचा, प्रांजल येईल तेव्हा काढू, आई. त्यांनी गादी अंथरली, उशाशी तांब्या ठेवला, वर फुलपात्र. प्रांजल भिंतीला टेकून तिच्यावर बसला, अगदी कडेला, जणू तिला भार व्हायला नको. मी मागे सरून उंबऱ्यात उभा राहिलो.

"आणलं का सर, त्याचं बोललेलं?"

मी फोन काढला आणि लावला. छोट्या पडद्यावर हीच खोली, हीच गादी, रिकामी. त्या तेव्हा दाट केसांच्या होत्या. पडद्यावरच्या ताराबाईंनी विचारलं, "झालं का?" आणि कॅमेऱ्यामागून, मी उभा होतो जवळपास तिथूनच, किरणचा आवाज आला, हसू दाबलेला.

"हलू नको आई, जरा वेळ. पाहुणा यायचाय अजून."

चादरीची सुरकुती सारखी करत असलेला ताराबाईंचा हात जागीच थांबला. मान ताठ झाली. तुकडा संपला, फोन काळा झाला. प्रांजल माझ्याकडे बघत होता, मी त्यांच्याकडे. त्या तशाच बसून होत्या, हललेल्या नव्हत्या.