नागनाथाच्या पायरीवर न केलेली सही

त्या दिवसांत देवावरचा माझा विश्वास डळमळला होता, हे आधीच कबूल करते. चौदा वर्षं मी कंत्राटी आरोग्यसेविका म्हणून गावोगाव लसी टोचत फिरले. मंदीमुळे निधी नाही, पुढच्या महिन्यापासून तुमची गरज नाही, असं दोन ओळींचं पत्र आलं आणि आम्ही सगळ्याजणी हिंगोलीत मांडव घालून धरण्याला बसलो. अकराव्या दिवशी मांडव निम्मा रिकामा झाला. आंदोलन सोडते, कायम नोकरीचा हक्क सांगणार नाही, अशा हमीपत्रावर जी सही करील तिला ठेवून घेऊ, असा निरोप आला होता. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, नवऱ्याचं काम सुटलेलं. मीही हमीपत्र पर्समध्ये घातलं. सही करण्याआधी नागनाथाला विचारावं म्हणून सकाळच्या एसटीने औंढ्याला गेले.

आदल्या दिवशी साखळी उपोषणात माझी पाळी होती. रिकाम्या पोटी गाभाऱ्याच्या अरुंद पायऱ्या उतरताना डोळ्यांपुढे अंधारी आली. पाय पुढे पडेना, मागे वळायला जागा नाही. तेवढ्यात मागून एका बाईच्या खरखरीत हाताने माझा दंड घट्ट धरला. "भिऊ नको माय. बसत बसत उतर. म्या हाय." पिंडीला हात लागला, पण विचारायचं होतं ते काहीच आठवेना. नुसतं रडू आलं.

बाहेर त्या बाईनेच मला पायरीवर बसवून भाकरीचा तुकडा दिला. आमच्याच जिल्ह्यातल्या पुसेगावकडची, मेंढरं राखणारी म्हातारी.

"काहून रडून राहिली?"

मी सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "आमच्या सुनेला रानात कळा लागल्या, तवा तुमच्यातलीच एक सिस्टर चिखल तुडवत आली व्हती. तूच का ती?"

"न्हाई मावशी, मी न्हाई. आमच्यातली दुसरी कुणी असेल."

"मंग तिच्यासाठी बस की. तिला काढलं तर आमी कुणाला बोलवावं?"

मी पाणी आणायला उठले. परत आले तेव्हा ती गर्दीत निघून गेली होती.

हमीपत्र मी तिथेच फाडलं. दुपारी मांडवात हे सांगितलं, तेव्हा दोघींनी आपापली कोरी हमीपत्रं मुकाट्याने माझ्या हातात दिली. पुढच्या दिवसांत, ज्यांची बाळंतपणं आम्ही केली त्या बायका लेकरं कडेवर घेऊन आमच्याशेजारी येऊन बसल्या. त्यांच्यात मी त्या म्हातारीला शोधत राहिले. ती दिसली नाही. सतराव्या दिवशी, कुणालाही काढणार नाही, असं लेखी मिळालं. कायम होण्याची लढाई अजून बाकी आहे.

ती कोण होती, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. नागनाथाने त्या दिवशी लढ्याचा निकाल काय लागेल ते स्वतःकडे ठेवून घेतलं आणि बसून राहण्याचं काम तेवढं माझ्याकडे दिलं, त्याबद्दल हात जोडते. सोमवारी पुन्हा मांडव उभा राहणार आहे. मी सतरंजी झटकून ठेवली आहे.