चिंचोके, संत्री आणि रामाकोन्यातली डोकी

पत्ते खेळायला कोणी परगावी जातं का, असं बायकोने विचारलं तेव्हा मी बॅग भरतच होतो. ऐंशीच्या दशकातला एक डिसेंबर. माझा कॉलेजचा दोस्त वसंता सौंसरच्या तहसील कचेरीत नोकरीला होता आणि त्याची बहीण शशीताई जवळच रामाकोन्याला दिलेली. तिथे दर हिवाळ्यात तीन पत्तीचा सामना होतो, तोही पैशाला हात न लावता, एवढंच त्याने कळवलं होतं. पत्ते म्हटलं की मला धीर धरवत नाही.

नागपूरहून पॅसेंजरने पांढुर्ण्याला उतरलो. तुम्हीही कधी उतरलात तर स्टेशनबाहेर गरम आलूबोंडा खाऊनच पुढे निघा. वसंता घ्यायला आला होता, पण तोंड उतरलेलं. "आधी एका व्यापाऱ्याकडे जाऊन येऊ," म्हणाला. शशीताईचे यजमान नामदेवभाऊजी संत्री तोडताना शिडीवरून पडले होते, हात प्लास्टरमध्ये. बगीचा पिकून तयार. मजूर मिळेना, कारण सगळ्यांची संत्री आणि कापूस एकाच वेळी आलेले. आणि व्यापाऱ्याची गाडी येणार मंगळवारी.

"दोन दिवस थांबा न शेठ," वसंता म्हणाला.

"कसा थांबू सांगा बरं? बुधवारी गाडी बोरगावले लावायची हाय. ते लोक माह्या नावानं बोंबलतीन." माणूस वाईट नव्हता. चहा पाजला, भाऊजींच्या हाताची चौकशी केली, पण गाडी काही पुढे ढकलली नाही. गाडी चुकली तर पिकलेलं फळ झाडाखाली सडणार, आणि वर्षभराची मेहनत मातीत. मी पत्ते खेळायला आलोय हे सांगायची मलाच लाज वाटायला लागली.

पांढुर्णा ते सौंसर एसटी खडखडत जाते. तिकीट तेव्हा फार नव्हतं, हाडं मात्र मोजून घ्यावी लागत. दोन्ही बाजूंना पांढरा कापूस, मग संत्र्याचे बगीचे सुरू झाले. सौंसरला बस बदलून रामाकोना. शशीताईने जयभीम केला, हातपाय धुवायला पाणी दिलं आणि सोल्यांची भाजी, ज्वारीची भाकर समोर ठेवली. तुरीचे हिरवे दाणे घातलेली ती भाजी हॉटेलात शोधू नका, मिळत नाही.

जेवताना सामन्याचे नियम कळले आणि माझा घास हातातच राहिला. प्रत्येकाला सारखे चिंचोके. ज्याचे संपले तो उठला. जो त्याचे शेवटचे चिंचोके घेईल, त्याला त्याचं 'डोकं' मिळतं. डोकं म्हणजे काय, तर हरलेल्याने जिंकणाऱ्याच्या शेतात एक दिवस राबायचं. स्वतः, गडी पाठवायचा नाही. शेवटी उरेल त्याला नारळ.

"यंदा यांच्या जागी मी बसून राहिली," शशीताई म्हणाली.

मी लगेच शहाणपण सुरू केलं. घाई करू नका, बाकीचे एकमेकांना उठवतील, शेवटपर्यंत टिका, नारळ तुमचाच.

"नारळ घेऊन काय करू भाऊ? मले माणसं पाह्यजेत."

खरंच की. मग मी सगळा हिशोबच उलटा मांडला. अंगणात चिंचोके पसरून आम्ही संध्याकाळपर्यंत बसलो. पहिलं, डोकं त्याचंच निघतं ज्याच्यापेक्षा आपला ढीग मोठा. म्हणून सुरुवातीला चांगल्याच पानांवर खेळून ढीग वाढवायचा. दुसरं, कोणाचे चिंचोके कमी झाले की एरवी टाकून दिली असती अशा जोडीवरही त्याला भिडायचं, कारण चिंचोक्यांच्या वर एक दिवस मिळतो. तिसरं, आपला ढीग लहान होऊ द्यायचा नाही, नाहीतर आपल्याच डोक्यावर सगळ्यांची नजर. भाऊजी बाजेवरून ऐकत होते. "हे तं आपल्याले ठावच नोतं बाप्पा," म्हणाले.

रविवारी शाळेच्या ओट्यावर डाव मांडला. बाई खेळणार म्हणून थोडी कुजबुज झाली, मग पानं वाटली आणि खेळ सुरू झाला. मीही बसलो होतो. शशीताईने तासभर पानंच टाकली. मग ढीग वाढला आणि तिने एकेकाला उठवायला सुरुवात केली. तिसरा उठला तो मी! एका रंगाच्या नादात अर्धे चिंचोके घालवून बसलो होतो. तिने चौक्यांच्या जोडीवर मला धरलं. माझीच युक्ती माझ्याच गळ्यात. वसंता पोट धरून हसला.

शेवटी तिघं उरले: शशीताई, शाळेचे मास्तर आणि बापूराव पाटील. गावात सगळ्यात मोठा बगीचा पाटलांचा. नामदेवभाऊजींचे वडील जन्मभर त्यांच्याकडे राबले, आणि तिथे पाणी प्यायचं तर ओंजळ पुढे करायची, ते वरून ओतायचे. पाटलांनी पानं न बघताच सगळे चिंचोके पुढे लोटले. मास्तरांनी पानं टाकली. शशीताईकडे नव्व्यांची जोडी. ढीग तिचा थोडासाच मोठा. हरली असती तर मूठभर उरले असते.

"जाऊ दे, वहिनी," मागून कोणीतरी म्हणालं.

तिने मोजून तेवढेच पुढे सारले. पाटलांची पानं उघडली. सत्त्यांची जोडी.

पाटलांचा मुलगा म्हणाला, "बाबा, दोन गडी धाडून देऊ न." पाटील धोतर झटकत उठले आणि घरी गेले. नारळ पुढे मास्तरांनी नेला. शशीताईचं डोकंही त्यांनाच मिळालं, पण शेत नसल्यामुळे त्यांनी तो दिवस पावसाळ्यात शाळेत झाडं लावायला राखून ठेवला.

सोमवारी उजाडता उजाडता आम्ही बगीच्यात. थंडी अशी की बोटं वळेनात. शशीताईने उठवलेले सगळे आले, पाटील सोडून. उन्हं वर आल्यावर ते आले. एकटे, फडक्यात शिदोरी बांधून. "कोन्या झाडापासून लागू?" एवढंच विचारलं. मी मात्र दोन झाडांतच कंबर धरून बसलो. तुम्ही जाणार असाल तर पूर्ण बाह्यांचा सदरा न्या, संत्र्याला काटे असतात. अंधार पडायच्या आत बगीचा रिकामा झाला. मंगळवारी गाडी भरून गेली.

परतीला सौंसरहून छोट्या लाईनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या गाडीने नागपूर. फार सावकाश चालायची, पण मला ती फार आवडायची. घरी पोचल्यावर बायकोने ओरखडलेले हात बघितले. "जिंकलात का?"

हरलो म्हटलं. मग तिला सोमवारची दुपार सांगितली. शशीताई भाजीचं भांडं घेऊन वाढत होती. पाटील जरा बाजूला, आपली शिदोरी सोडून बसलेले. त्यांच्याजवळ आल्यावर ती अडखळली, पुढे निघाली. पाटलांनी भाकर हातात धरून पुढे केली.

"मले नाय वाढत का, शशीबाई? आज मी तुह्या कामावर हाय."