लेकीचा परचा

दवाखान्यात मी माझ्या मुलीचं नाव खोटं नोंदवलं, आणि मग तेच विसरलो.

दुसरा कोणी विसरला असता तर एक वेळ चाललं असतं. माझा धंदाच नावांचा. महाराष्ट्रातून काशीला येणाऱ्या यजमानांच्या वंशावळीच्या वह्या आमच्याकडे आहेत. माणूस घाटाच्या पायरीवर उभा राहून गाव सांगतो आणि मी त्याला त्याच्या पणज्याचं नाव सांगतो, जे त्याला स्वतःला ठाऊक नसतं.

मुलगी पंधरा वर्षांची. दिवाळीनंतर तिचं शाळेत जाणं थांबलं. सकाळी दप्तर पाठीला लावून दारापर्यंत यायची, आणि उंबऱ्यापाशी हात थरथरायला लागायचे. जेवण नाही, झोप नाही. मी आधी शाळेवर संशय घेतला, मग मोबाईलवर, मग समोरच्या बाईच्या नजरेवर. ग्रहशांती झाली, तीही मीच केली. शेवटी तिच्या शाळेतल्या बाईंनी बजावलं की मुलांच्या मनाचं बघणारे डॉक्टर असतात, त्यांना दाखवा. मुलगी आठ दिवस नको म्हणत राहिली. मग एकदा भाजी निवडताना आईला म्हणाली, "एकदाच येईन. पुन्हा विचारू नका."

"अहो, तिचं मन फिरायच्या आत न्या," बायको म्हणाली.

पण न्यायचं कुठे? आमच्या दुर्गाघाटात कोणी शिंकलं तर शेजारच्या ब्रह्माघाटावर काढा उकळतो. शहरातल्या डॉक्टरकडे नेली तर संध्याकाळच्या आत गल्लीला कळणार, आणि आणखी काही वर्षांनी स्थळ आलं की कोणीतरी हळूच म्हणणार, "तीच ना ती, वेड्यांच्या डॉक्टरकडे जायची?" म्हणून मी नदीपलीकडे, रामनगरातला एक सरकारी दवाखाना शोधून काढला. तिथे मुलांची डॉक्टरीण आठवड्यातून एकच दिवस बसते.

निघताना हातात पूजेची पिशवी घेतली. कोणी हटकलंच तर पलीकडे सत्यनारायण आहे. मुलीला म्हटलं, "तू दहा पावलं पुढे चाल."

"का?"

"सहज."

मैदागिनच्या चौकात ई-रिक्षावाल्यानं विचारलं, "कहाँ जाना है, महाराज?" मला त्याचं विचारणंही खटकलं.

दवाखान्याच्या खिडकीवरच्या बाईनं परचा, म्हणजे केसपेपर, लिहायला घेतला. "बिटिया का नाम?" मी आजूबाजूला बघून घेतलं. सकाळीच घाटावर एका लातूरकडच्या कुटुंबाचा संकल्प सांगितला होता. त्यांच्या मुलीचं नाव दिलं ठोकून, आडनावासकट. आणि नाव उच्चारलं की पुढचं आमच्या तोंडून आपोआप निघतं, तसं गोत्रही सांगून टाकलं. ते मात्र आमचं, खरं.

"गोत्र नहीं, उमर बताइए," बाई म्हणाली.

मुलगी मागे बाकावर बसली होती. तिला यातलं काही सांगितलं नाही. परचा कोणाला दिसू नये म्हणून पिशवीत तळाशी, दर्भाच्या जुडीखाली सरकवला.

समोरच्या बाकावर तोंडाला मास्क लावलेला एक म्हातारा नातीला घेऊन बसला होता. त्यानं माझ्याकडे दोनदा पाहिलं. हा आपल्याच भागातला, मी ओळखलं. मी त्याच्याकडे पाठ केली. थोड्या वेळानं चोरून बघतो तर त्यानंही माझ्याकडे पाठ केलेली. हा कोणाकडचा असेल, जाऊन कोणाला सांगेल, यातच माझा तास गेला.

मधे शिपायानं दारात येऊन कोणाचं तरी नाव पुकारलं. कोणी उठेना. दुसऱ्यांदा पुकारलं, तिसऱ्यांदा पुकारलं. मी शेजारच्या बाईला म्हटलं, "देखिए, बच्चों को ले आते हैं और खुद गायब." तिनंही मान हलवली.

हळूहळू बाकं रिकामी झाली. मास्कवालाही आपल्या नातीला घेऊन निघून गेला. शिपाई पंखे बंद करू लागला.

"बाबा, आपला नंबर?"

मी पिशवी उपसून परचा काढला. वाचला. मघाशी तीनदा पुकारलेलं नाव तेच होतं. तोवर तिनंही वाचला होता.

"हे कोणाचं नाव?"

"तुझंच. म्हणजे, आजच्यापुरतं."

मग मी गल्ली, लोक, स्थळं, सगळं सांगत बसलो. ती ऐकत होती. तिचे हात थरथरायला लागले. एकदाच येईन म्हणाली होती, आणि ते एकदा मी वाया घालवलं होतं. तेवढ्यात डॉक्टरीण पर्स खांद्याला लावून बाहेर आली. शिपाई म्हणाला, "अगले हफ्ते आइए."

खरं सांगायचं तर मला आतून थोडं सुटल्यासारखं वाटलं. "बरं" म्हणायला मी तोंडही उघडलं होतं.

मुलीनं माझ्या हातातून परचा घेतला आणि ती डॉक्टरणीच्या समोर जाऊन उभी राहिली. "मॅडम, ये नाम झूठा है." मग तिनं आपलं नाव सांगितलं, आडनावासकट, फाटकावरचा माणूस वळून बघेल एवढ्या मोठ्यानं. "आज नहीं देखेंगी तो मैं दोबारा नहीं आऊँगी."

डॉक्टरणीनं आत वळून पर्स पुन्हा टेबलावर ठेवली.

दार लागलं. आत ती माझ्याबद्दल काय काय सांगत असेल या शंकेनं मी दाराला कान लावला. शिपायानं मला दंडाला धरून बाकावर नेऊन बसवलं.

बऱ्याच वेळानं मला आत बोलावलं. मुलीचे डोळे सुजले होते, पण पाण्याचा पेला धरलेला हात स्थिर होता. टेबलावर नवा परचा होता, खऱ्या नावाचा. डॉक्टरणीनं सांगितलं की काही महिने दर आठवड्याला यावं लागेल. मग मुलीलाच विचारलं, "साथ में कौन आएगा?"

मी उपरणं सारखं करून ताठ बसलो.

"आई आएगी," मुलगी म्हणाली. "बाबा लोगों से बहुत डरते हैं. इनको घर पर ही रहने दीजिए."