नोटीस बोर्डाची किल्ली

बडोद्याच्या सयाजीगंजात टेंडर भरून देणाऱ्या माणसाने मला फसवलं. मी त्याला विश्वासाने सांगितलेला भाव त्याने माझ्या प्रतिस्पर्ध्याला सांगितला, आणि सरकारी इस्पितळांच्या खाटांचं वर्षाचं काम माझ्या हातून गेलं. त्या कामावर माझी शेड चालत होती. हे सगळं आधीच सांगून टाकतो, कारण मला गोष्ट फिरवून सांगता येत नाही, आणि आता तेवढा दमही उरलेला नाही.

माझे आजोबा संस्थानच्या फौजेत होते. वडील एका गिरणीत फिटर. मी दुसऱ्याच्या शेडमध्ये वेल्डिंग शिकलो, आणि कर्ज काढून मकरपुऱ्यात स्वतःची शेड घेतली. लोखंडी खाटा, सलाईनचे स्टँड, खाटेशेजारची छोटी कपाटं असा माल. बडोद्यातल्या पाइपच्या व्यापाऱ्यांना मी आवडायचो नाही. मी दुकानात शिरलो की शेठ लोक चहा मागवायचे, कारण मी लवकर उठणार नाही हे त्यांना ठाऊक असायचं. भाव पटला नाही तर मी आवाज चढवायचो, चप्पल घालून निघायचो, कोपऱ्यापर्यंत जायचो आणि परत यायचो. बहुतेक वेळा पाइप घेऊनच घरी जायचो.

पण सरकारी टेंडरात घासाघीस चालत नाही. तिथे एकदाच भाव द्यायचा, तोही बंद पाकिटात. इस्पितळांसाठी खरेदी करणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या व्हरांड्यात लोखंडी टेंडरपेटी होती. तिला कुलूप, कुलपावर लाखेचा शिक्का. पेटीच्या वर भिंतीला काचेचा नोटीस बोर्ड, त्याच्या काचेलाही छोटं कुलूप. दुपारी तीनपर्यंत पाकीट टाकायचं आणि साडेतीनला सगळ्यांसमोर पेटी उघडायची अशी पद्धत होती.

मी सगळे कागद आदल्या दिवशी तयार ठेवायचो, फक्त भावाची जागा कोरी. ती मी शेवटच्या पंधरा मिनिटांत, जिन्याच्या पायरीवर बसून, डाव्या हाताची आड करून भरायचो. वाघोडिया रोडवर माझ्यासारखाच खाटांचा कारखाना असलेले एक शेठ असायचे. तेही पलीकडच्या पायरीवर असंच करायचे.

"काय भाऊ, आज किती खाली?" ते विचारायचे.

"तुमच्या एक पायरी खाली बसलोय, दिसत नाही का?"

"बसा, बसा. तिथे वारा नाही येत."

पेटी उघडली की कधी ते, कधी मी. जास्त वेळा मीच. हरलेला जिंकलेल्याकडून खारी शेंग आणि चहा वसूल करायचा. त्यांच्याविषयी एक गोष्ट मला पाठ होती. त्यांचा भाव नेहमी पन्नासाच्या पटीत यायचा. सुट्या रुपयांचा त्यांना कंटाळा. त्यामुळेच मी त्यांना इतकी वर्षं हरवू शकलो.

मग पेटी गेली. नव्या शतकाची पहिली काही वर्षं होती. कार्यालयाने आम्हा सगळ्या पुरवठादारांना बोलावलं. पडद्यावर चित्रं दाखवली. साहेब म्हणाले, "आता इथे यायची गरज नाही. घरबसल्या टेंडर भरा. कोणी कोणाचं पाकीट बघणार नाही, कोणी कोणाला अडवणार नाही. सगळं पारदर्शक."

मी उठून विचारलं, "साहेब, घरी कॉम्प्युटर नाही."

"मग घ्या."

"आणि शिकवणार कोण?"

हॉलमध्ये हशा पिकला. साहेबही हसले आणि पुढच्या चित्राकडे वळले. बाहेर आलो तर दारातल्या शिपायाने बोर्डाकडे बोट केलं. "काका, त्यांना भेटा. सगळे तिथेच जातात." काचेच्या आत, साहेबांच्या सहीच्या परिपत्रकाशेजारी, एक व्हिजिटिंग कार्ड चार टाचण्यांनी लावलेलं होतं. ऑनलाइन टेंडर भरून मिळेल, डिजिटल सही काढून मिळेल, पत्ता सयाजीगंज. काच बंद होती. कुलूप लागलेलं होतं. मी पत्ता लिहून घेतला.

घरी तरसालीला आलो तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, मी भरून देते की. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये इंटरनेट आहे."

"तुला नाही जमायचं."

"त्यात न जमण्यासारखं काय आहे? तुम्ही भाव सांगायचा, मी टाकायचा."

तीच तर अडचण होती. एका खाटेमागे मला किती कमी सुटतं हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. बायकोला वाटायचं बरं चाललंय. मुलगी मैत्रिणींना सांगायची, माझ्या बाबांचा कारखाना आहे. मी एका आकड्यात सगळं तिच्यापुढे उघडं करायचं? मी तिला म्हटलं, "तू अभ्यास कर." आणि रिक्षा पकडून सयाजीगंजात गेलो.

स्टेशनजवळच्या एका पावभाजीवाल्याच्या वर, पहिल्या मजल्यावर त्याची खोली. तिशीचा गुजराती माणूस, गोड बोलणारा. दोन कॉम्प्युटर, एक पंखा आणि टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डिजिटल सही म्हणजे बोटभर लांबीची एक वस्तू असते, कॉम्प्युटरला खुपसायची. ती आत असल्याशिवाय टेंडर भरता येत नाही. माझी सही त्याने काढून आणली, पासवर्ड स्वतःच ठरवला, तिला माझ्या कारखान्याच्या नावाची चिठ्ठी चिकटवली आणि डब्यात टाकली.

"मी घेऊन जातो की."

"काका, तमे चिंता ना करो. घरी नेता, विसरता, मग तारखेच्या दिवशी धावपळ. बघा, सगळ्यांच्या इथेच आहेत."

डबा त्याने माझ्याकडे फिरवला. आत तीस-चाळीस सह्या. मकरपुऱ्यातले, गोरव्यातले, मला ठाऊक असलेले सगळे. वरच वाघोडिया रोडच्या शेठची चिठ्ठीही दिसली. आणि मला बरं वाटलं. शेठसारख्या माणसाने आपली सही इथे ठेवली, तर जागा पक्की असणार. शेठने माझी चिठ्ठी बघितली असेल तेव्हा त्यांनाही तसंच वाटलं असेल. आम्ही सगळे पिढीजात संशयी माणसं, आणि एकमेकांच्या चिठ्ठ्या बघून निर्धास्त झालो.

"बोला काका, भाव."

"कागदावर लिहून देतो."

"कागद इथे पडून राहील. बोला, मी टाइप करतो, तुम्ही स्क्रीनवर बघा."

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. तरी मी वाकून त्याच्या कानात भाव सांगितला. तो खो खो हसला. "काका, कानात तर मंत्र देतात!"

त्या वर्षी काम शेठला गेलं. खाटेमागे थोड्याच रुपयांनी. होतं असं. मी फोन करून म्हटलं, शेंगा तुमच्याकडे. ते म्हणाले, "आता कसल्या शेंगा भाऊ, आता भेटतो कुठे आपण?" त्यांचं खरं होतं. व्हरांडा गेला तसा चहाही गेला.

दुसऱ्या वर्षी मी भाव आणखी कमी केला. माझ्या हाताखालच्या दोघांना रजा दिली, पावडर कोटिंगचं रंगकाम बाहेरून करून घ्यायचं ठरवलं, तेव्हा तो भाव निघाला. पुन्हा शेठ. पुन्हा थोड्याच रुपयांनी. या वेळी मी त्यांचा आकडा नीट बघितला. पन्नासाच्या पटीत नव्हता. शेवटी सुटे रुपये होते. ज्या माणसाने जन्मभर सुट्या रुपयांकडे बघितलं नाही तो एकाएकी सुटे रुपये मोजायला लागला होता, आणि तेही नेमके माझ्या आकड्याच्या खाली. मी त्या रात्री जेवलो नाही. बायकोने विचारलं, मी तिच्यावरच ओरडलो.

तिसऱ्या वर्षी मी सयाजीगंजात गेलो आणि त्याच्या कानात असा भाव सांगितला की त्यात पाइपसुद्धा बसत नव्हता. पत्रा, रंग, मजुरी तर दूरच. शेठ खाली गेले नाहीत तर काम माझ्या गळ्यात पडणार होतं, आणि ते पूर्ण करण्यात शेड विकावी लागली असती. पण मी शेठना ओळखत होतो. पाइप मी कुठून कसा भाव पाडून आणतो याची बाजारात चर्चा असायची. माझा भाव ऐकून त्यांना तो वेडेपणा वाटणार नव्हता. त्यांना वाटणार होतं, याला कुठेतरी फुकटातला पाइप सापडला.

टेंडर उघडलं. शेठ माझ्या खाली होते.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "भाऊ, एक विचारू? पाइप कुठून घेता हल्ली?"

"कसला पाइप?"

"त्या भावात बसणारा."

"माझा भाव तुम्हाला कसा कळला?"

"आज उघडल्यावर सगळ्यांनाच दिसतो."

"मग कालच माझ्या खाली कसे गेलात?"

 "नशीब, भाऊ," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पावभाजीवाल्याचा जिना चढलो. काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"काका, मी कोणाला काही सांगितलं नाही. सिस्टिममध्ये सगळं लॉक असतं."

"लॉक सिस्टिममध्ये. आणि किल्ल्या तुझ्या बिस्किटाच्या डब्यात!"

"मग घेऊन जा ना तुमची. मी कोणाला जबरदस्ती केली?"

मी डबा उचलून आपटला. सह्या खोलीभर उडाल्या, एक पंख्याच्या खालून खिडकीपर्यंत गेली. तो गुडघ्यांवर बसून एकेक गोळा करायला लागला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो चिठ्ठ्या वाचून पुसून ठेवत होता. मी माझी सही उचलली आणि तडक कार्यालय गाठलं.

साहेब तेच होते. खोली नवी होती, एसीची. मी तीन वर्षांचे आकडे त्यांच्यापुढे मांडले, शेठचा फोन सांगितला, मुद्दाम लावलेला भाव सांगितला. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तुम्ही खोटा भाव भरला?"

"साहेब, चोर पकडायला."

"आणि तुमची डिजिटल सही दुसऱ्याकडे होती? पासवर्डसकट?"

"सगळ्यांचीच होती."

"मी तुमचं विचारतोय." त्यांनी छापील अटींचं पान पुढे सरकवलं आणि एका ओळीवर पेनाचं टोक ठेवलं. सही आणि पासवर्ड कोणालाही द्यायचा नाही, दिल्यास जबाबदारी पुरवठादाराची.

"तुमच्याच बोर्डावर त्याचं कार्ड होतं. म्हणून गेलो."

"कुठल्या बोर्डावर?"

"चला, दाखवतो."

ते आले, एवढं त्यांचं मानलं पाहिजे. व्हरांड्यात पेटीची जागा रिकामी होती, भिंतीवर गंजाचा चौकोन. वर तोच बोर्ड. काच तीच, कुलूप तेच. आत परिपत्रक होतं आणि त्याच्याशेजारी काहीच नव्हतं. बोर्डाचं हिरवं कापड उन्हाने फिकट झालेलं होतं, फक्त एका जागी व्हिजिटिंग कार्डाएवढा गडद आयत होता. त्याच्या चार कोपऱ्यांत टाचण्यांची चार भोकं.

"इथे तर काही नाही," साहेब म्हणाले.

"साहेब, ही भोकं बघा."

"भोकांवरून चौकशी लावू का मी?"

बाजूने जाणारे दोघे कारकून थांबले. मी ओरडलो असणार. साहेब हलक्या आवाजात म्हणाले, "तुम्ही त्या माणसाच्या ऑफिसात जाऊन तोडफोड केली असा फोन आलाय मला. घरी जा, काका." वयाने आम्ही बरोबरीचे होतो.

महिन्याभरात मला पत्र आलं. अटींचा भंग केल्यामुळे माझ्या कारखान्याला त्यांच्या टेंडरांत भाग घेता येणार नाही. शेठना काहीच झालं नाही. त्यांनी त्याच भावात खाटा दिल्या. पुढे रक्तदाब दाखवायला इस्पितळात गेलो तेव्हा मी शेठच्या एका रिकाम्या खाटेच्या पाइपवर बोटाने टकटक केली. आवाज पातळ आला. तोही माल कोणीतरी तपासून सही करून घेतलाच असेल.

आता शेड भाड्याने दिली आहे. थंड पेयांच्या रिकाम्या क्रेट ठेवतात तिथे. मुलीला नंतर सगळं कळलं. ती एवढंच म्हणाली, "बाबा, मला सांगितलं असतं तर?" मी तिच्यावर ओरडलो नाही. ओरडायचं माझं आता संपत आलंय.

टेंडर भरून देणाऱ्याला मी काही विचारत नाही. त्याने भाव विकला, तो विकणाराच माणूस होता. शेठनाही विचारत नाही, हातात आयता आलेला आकडा मीही वाचला असता. मी कार्यालयाला विचारतो. पेटी काढताना तुम्ही म्हणालात, आता कोणी कोणाचं पाकीट बघणार नाही. आणि त्याच दिवशी आम्हा सगळ्यांची पाकिटं एका माणसाकडे पाठवली. ते कार्ड वाऱ्याने उडून आत गेलं नव्हतं. ते टाचण्यांनी लावलं होतं, काचेच्या आत, साहेबांच्या सहीच्या कागदाशेजारी. माझ्या तक्रारीच्या दिवशी ते तिथून निघालं तेही आपोआप निघालं नाही. काचेला कुलूप होतं. त्या कुलपाची किल्ली तुमच्यापैकी कोणाकडे होती? त्याचं नाव मला सांगा, आणि त्याला माझ्यासमोर उभं करा.