आद्रोगेच्या फूटपाथवर ठेवलेला पाळणा

आमच्या कॉलनीतल्या एका मुलीला दक्षिण अमेरिकेत जायचंय. "काकू, तुम्ही ब्युनॉस आयर्सला गेला होता ना, काय काय बघण्यासारखं आहे?" असं तिनं परवा विचारलं. मी ते शहर जेमतेम दोनदा बघितलं, तेही घाईत. मी राहिले शहराबाहेर, आद्रोगे नावाच्या गावात. तिथं बघायला काही नाही आणि मी मात्र तिथं तीन महिने जीव मुठीत धरून काढले. तिला तोंडी सांगताना सगळं मागंपुढं व्हायला लागलं, म्हणून लिहून काढते आहे.

साल १९८५. आमची शोभा लग्नानंतर दोन वर्षं तिकडंच होती. जावई प्रकाशराव आधी बेळगावजवळच्या मच्छेत एका कारखान्यात होते, मग साखर कारखान्यांची यंत्रं बसवणाऱ्या कंपनीत अर्जेंटिनाला गेले. श्रावणात पत्र आलं की शोभाला दिवस गेलेत, डिसेंबर धरलाय, आणि नेमकं त्याच सुमारास प्रकाशरावांना उत्तरेत तुकुमानला कारखान्यावर जावं लागणार. तुकुमान म्हणजे रेल्वेनं एक अख्खा दिवस लांब. मी पत्र वाचलं, घडी घातली, परत उघडलं. हे कोर्टातून आले तसे मी म्हटलं, "मी जाते." हे म्हणाले, "एकटी?" तिकिटापायी माझ्या पाटल्या गेल्या, त्यात दोघांचं कुठलं जमायला! मी शाळेतून बिनपगारी रजा घेतली.

तोवर मी पुण्यापलीकडं एकटी गेले नव्हते. बेळगावहून मुंबईची एसटी धरली. निपाणीच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली तेव्हा माझा धाकटा भाऊ पिशवी घेऊन उभाच होता. पिशवीत डिंक, अळीव, खारीक आणि खोबरं.

"आक्का, लई लांब हाय म्हणं गं ते," तो खिडकीतून म्हणाला. "दोन समुद्र लागत्यात?"

"मला काय म्हाईत रं. इमान नेतंय, मी बसायची."

"पत्ता कुठं ठेवलीयास?"

पत्ता मी पोलक्याच्या आतल्या बाजूला कापडावर लिहून शिवला होता. शिवाय पर्समध्ये एक, पासपोर्टात एक आणि मग त्या डिंकाच्या डब्यातही एक. हसू नका. वाटेत विमान बदलताना मी तिन्ही कागद चार वेळा तपासले.

उतरल्यावर कस्टमवाल्यानं नेमका डिंकाचाच डबा उघडला. पिवळट खडे हातात घेऊन तो वास घेऊ लागला, दुसऱ्याला बोलावलं, दोघे माझ्याकडं बघू लागले. आता इथूनच परत पाठवणार आणि शोभा तिकडं एकटी, एवढंच डोक्यात. शेवटी मी एक खडा तोंडात टाकला, पोटावरून हात फिरवला आणि बाळ जोजवल्यासारखं करून दाखवलं. ते दोघे इतके हसले की शेजारच्या डब्यातला बेळगावचा खव्याचा कुंदा त्यांनी बघितलाच नाही. जाणाऱ्यांना माझं सांगणं, डब्यांवर आत काय आहे ते तिथल्या भाषेत लिहून न्या.

विमानतळापासून आद्रोगे मोटारीनं अर्ध्या तासावर. शहरातून यायचं असेल तर कोन्स्तितुसियोन स्टेशनवरून दक्षिणेकडची गाडी धरायची, पाऊण तासाच्या आत पोचता. पत्ता मात्र नीट समजून घ्या. तिथले रस्ते सरळ असता असता मध्येच तिरके निघतात, आणि चालत सुटलं की आपण तिसऱ्याच चौकात असतो. पहिल्या आठवड्यात पाव आणायला गेले आणि एकाच चौकातल्या बाकाला तीनदा भेटले. घरं बैठी, पुढं फाटक, फरशीचे रुंद फूटपाथ. वर झाडांचं छत, काहींना जांभळा बहर, काहींचा सुगंध असा की नाक भरून जायचं. डिसेंबरात उन्हाळा असतो हे मी मुलांना भूगोलात वर्षानुवर्षं शिकवलं होतं, पण माझ्या ट्रंकेत तीन स्वेटर होते.

आणि शांतता! दुपारी एक ते चार सगळा गाव झोपतो. दुकानं बंद, पडदे ओढलेले, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. ज्यांना विश्रांती हवी त्यांनी जरूर जावं. मला मात्र ती शांतता खायला उठायची. बेळगावात काही झालं तर नुसती हाक मारली की चार घरं धावून येतात. इथं मी कुणाला, कुठल्या भाषेत हाक मारणार?

एकच आधार होता, शेजारची एल्सा. साठीची विधवा बाई, केस तांबडे रंगवलेले, दारात जुनी निळी मोटार. शोभाला दवाखान्यात तीच नेणार असं ठरलेलं. तिच्याकडं जायचं तर दार वाजवायचं नाही, फाटकाबाहेर उभं राहून टाळ्या वाजवायच्या. तिथली रीतच तशी. पहिल्यांदा टाळ्या वाजवताना मला आरतीला उभी राहिल्यासारखं वाटलं.

प्रकाशराव तुकुमानला गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी एल्सा स्वतः आली. हातात वेताचा पाळणा, त्यावर पांढरी जाळी. तिची तीन मुलं त्यात निजली होती, आणि तिची आई आणि ती स्वतःही. शोभाचा चेहरा उजळला. तिनं पाळणा खोलीत ठेवला आणि सहज, जाता जाता, एक हलका झोका दिला.

"झोका देऊ नकोस!" मी ओरडलेच.

"का गं आई? काय झालं?"

"रिकामा पाळणा हलवू न्हाय."

शोभा हसली. "तू विज्ञानसुद्धा शिकवतीस की शाळेत."

शिकवते. पण शोभाला ठाऊक नव्हतं ते इथं सांगून टाकते. शोभा माझं पहिलं मूल नाही. तिच्या आधी मला मुलगा झाला होता. सासूबाईंनी मोठ्या हौसेनं सातव्या महिन्यातच पाळणा टांगला होता, येताजाता कुणीतरी झोका द्यायचं. मुलगा अकरा दिवस जगला. पाळण्यामुळं कुणी जात नाही हे मला कळतं. पण कळणं आणि त्या खोलीत झोपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यानंतर घरात कुणी त्याचं नाव काढलं नाही, आणि काढायला नाव ठेवलेलंच नव्हतं. बारसं व्हायचं होतं.

तीन दिवस मी त्या पाळण्याकडं पाठ करून वावरले. चौथ्या दिवशी शोभा दुपारची आडवी झाली तेव्हा मी तो उचलला. फेकायचा नव्हता हो. बाळ सुखरूप आलं की लगेच आत घेणार होते. आपल्याकडं नाही का, नको असलेली वस्तू पडवीत काढून ठेवतात, तसा. या घराला पडवी नव्हती. पाठीमागच्या दाराला कुलूप, किल्ली शोभाच्या उशाशी. म्हणून फाटकाबाहेर, भिंतीला लागून, झाडाच्या सावलीत नीट ठेवला. वर चादर घातली आणि आत येऊन कित्येक दिवसांनी शांत झोपले.

चारला उठून बघते तर चादरसुद्धा नव्हती.

"आई, पाळणा कुठं गेला?"

"बाहेर फाटकाजवळ ठेवलाय... ठेवलता."

शोभा खाटेवर बसलीच. "अगं, इथं फूटपाथवर काही ठेवलं म्हणजे ज्याला पायजे त्यानं न्यायचं! घोडागाडीवाला फिरतोय की रोज, बाटल्या, जुनं फर्निचर गोळा करत."

मी त्याची लांबट आरोळी झोपेत ऐकली होती. भाजीवाला असेल असं वाटलं होतं.

एल्साला सांगावं लागलं. शोभानं काय सांगितलं मला कळलं नाही, पण एल्साचा चेहरा कळला. ती रागावली नाही. रस्त्याच्या दोन्ही टोकांना चालत जाऊन बघून आली, मग घरात गेली आणि दार लावलं. दुसऱ्या दिवशी टाळ्या वाजवल्या तर पडदा हलला, दार उघडलं नाही. पुढचे सहा दिवस मला अन्न गोड लागलं नाही. पिढ्यान्पिढ्यांची वस्तू मी रस्त्यावर टाकली होती. वर ज्या एका मोटारीच्या भरवशावर आम्ही होतो ती आता येईल की नाही हेही माहीत नव्हतं. का ठेवलास, असं शोभानं दोनदा विचारलं. दिवस भरत आलेल्या मुलीला मी ती गोष्ट कशी सांगणार? मी म्हणत राहिले, "चुकलं बघ माझं."

सातव्या दिवशी दुपारी दोनला कळा सुरू झाल्या. सगळा गाव झोपलेला. शोभानं टॅक्सीला फोन करून बघितला, कुणी उचलेना. मी तशीच अनवाणी धावले आणि एल्साच्या फाटकापुढं टाळ्या वाजवत उभी राहिले. त्या शांततेत तो आवाज मलाच मोठा वाटत होता. थांबायची भीती वाटत होती. हात लाल झाले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी वाजवतच राहिले.

एल्सा झोपेच्या झग्यावरच बाहेर आली. माझ्याकडं एकदा बघितलं आणि आत वळली. मला वाटलं, संपलं. ती किल्ली आणायला गेली होती.

मोटारीत मागं मी आणि शोभा. एल्सा न बोलता गाडी हाकत होती. ते न बोलणं मला सहन होईना. "हिला सांग," मी शोभाला म्हटलं, "पाळणा मी टाकला न्हाय. भ्याले म्हणून बाहेर ठेवला."

"आई, आत्ता?"

"आत्ताच सांग. तिला सांग, माझं पहिलं बाळ गेलंय. त्याचा पाळणा आधीच टांगलता."

शोभानं माझ्याकडं बघितलं. तेवढ्यात कळ आली, तिनं माझं मनगट आवळलं आणि दात आवळून सगळं तिकडच्या भाषेत सांगितलं. मग श्वास घेत मला विचारलं, "माझ्या आधी?"

"व्हय."

"मुलगा?"

"मुलगा."

"किती दिवसांचा होता गं?"

"अकरा."

पुढून एल्सा काहीतरी बोलली, आवाज जाडसर झाला होता. "ती म्हणतीया," शोभा म्हणाली, "मला गाडी चालवू दे. रडवलीस तर रस्ता दिसणार न्हाय." आणि दुसऱ्या कळेपर्यंत आम्ही तिघी हसत होतो, की रडत होतो, कुणाला ठाऊक.

साडेपाचला मुलगी झाली. रडली, चांगली जोरात. मी भिंतीला टेकून खालीच बसले.

घरी आणलं त्या दिवशी एल्सानं आपल्या कपाटाचा एक मोठा खण ओढून काढला, त्यात रजई घातली आणि आमच्या पलंगाशेजारी ठेवला. बाराव्या दिवशी त्याच खणात बाळाला घालून बारसं केलं. प्रकाशराव तुकुमानहून आले होते. मी पाळणा म्हटला आणि खणाला झोका देता येत नव्हता म्हणून एल्सानं तो एका बाजूनं जरा जरा उचलला. डिंकाचे लाडू तिला आवडले नाहीत, अळिवाची खीर मात्र दोन वाट्या खाल्ली. शोभा मला अधूनमधून त्याच्याबद्दल विचारायची. रंग कसा होता, कुणासारखा दिसायचा. मला वाटलं होतं त्यापेक्षा मला पुष्कळ आठवत होतं.

फेब्रुवारीत परत आले. मग आद्रोगेला जावं का? जावं. उन्हाळी कपडे न्या, दुपारची कामं सकाळीच उरका, फाटकावर टाळ्या वाजवायला लाजू नका आणि फूटपाथवर काही म्हणजे काही ठेवू नका. काय उरलं म्हणाल तर तिथल्या कुठल्याच इमारतीचं नाव मला सांगता येणार नाही. माझी भीती त्या मोटारीत बोलून झाली, हे मात्र घेऊन आले. अर्धीच बोलून झाली होती, कारण उरलेली घरी होती.

बेळगाव स्टँडवर हे घ्यायला आले होते. घरी चहा केला, नातीचे फोटो दाखवले. मग म्हटलं, "अहो, मी शोभाला सांगितलं. पहिल्याचं."

यांनी हातातले फोटो एकावर एक रचून ठेवले. एकोणतीस वर्षांत आम्ही दोघं त्याच्याबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो. यांना आठवत तरी असेल का, अशीही शंका मला कधीकधी यायची.

"माधव," हे म्हणाले.

मला कळलं नाही. "कोण माधव?"

"त्याचं नाव. मी ठरवलतो. बाराव्या दिवशी तुला सांगणार होतो."