पाच दातांचा चाकू

तुमच्या खिशातला चाकू तुम्ही एका हाताने उघडू शकता का? कोरड्या हाताने नव्हे, ओल्या. दुकानदारासमोर नव्हे, उजव्या हातात दुसऱ्या कुणाचं वजन असताना.

हा प्रश्न मी पिंप्राळ्याच्या आणि जळगावच्या तरुणांना विचारतो आहे. हल्ली बाजारात वीतभर पात्याचे, पितळी मुठीचे, घडीचे मोठाले चाकू पुन्हा विकायला आले आहेत आणि ते घेणारे माझ्याच वयाचे आहेत. मीही तसा एक चाकू बाळगला होता. त्याबद्दल जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

दुसऱ्या महायुद्धाच्या चौथ्या वर्षी मी खेचरांच्या कंपनीत ड्रायव्हर होतो. ड्रायव्हर म्हणजे मोटारीचा नव्हे. प्रत्येकाकडे दोन खेचरं असत. पुढच्याची दोरी हातात आणि मागचं खेचर पुढच्याच्या खोगिराला बांधलेलं. या जोडीला आम्ही चेन म्हणत असू. आमचा तळ धुळ्याबाहेर होता. पाचला उठायचं, मालिश, दाणा, पाणी, सातला परेड. खेचराला आधी आणि माणसाला नंतर, हा कंपनीचा नियम होता आणि तो कोणी मोडत नसे.

मी पलटणीत का गेलो, हे लोक आजही विचारतात. शाळेपासून मी पत्रकं वाचत आणि वाटत आलो होतो. सरकारने आपल्या हातातलं हत्यार काढून घेतलं म्हणून आपण वाकलो, असं त्यात लिहिलेलं असे. घरात दोन मतं होती. वडील म्हणत, परक्याच्या लढाईत मरू नको. मोठा भाऊ म्हणे, तुरुंगात जा. माझं मत तिसरं होतं. हत्यार सरकारच्याच खर्चाने शिकून घ्यावं. ते मत आजही मला पूर्ण चूक वाटत नाही. मात्र सरकारने मला बंदुकीऐवजी खेचरं दिली.

म्हणून मी चाकू करून घेतला.

सोनगीरला, किल्ल्याच्या खाली, आग्रा रोडच्या कडेला एक लोहार होता. पातं वीतभर आणि वर चार बोटं. मूठ म्हशीच्या शिंगाची, दोन्ही टोकांना सोनगीरचं पितळ. पात्याच्या बुडाशी पाच दात. उघडताना प्रत्येक दात स्प्रिंगवरून सरके आणि आवाज येई, कट, कट, कट, कट, कट. पाचव्याला पातं पक्कं बसे. मिटवायला पितळी कडी ओढावी लागे. खिशात मावत नसे, म्हणून मी तो पायाला गुंडाळायच्या फौजी पट्टीच्या आत, पोटरीला बांधत असे.

त्याचं आकर्षण खोटं होतं असं मी म्हणणार नाही. तो हातात घेतला की मनगट आपोआप सरळ होई. धुळ्याच्या चहाच्या हॉटेलात मी तो एकदा सफरचंदासाठी काढला. पाच आवाज झाले आणि चार टेबलं गप्प झाली. गोरा सार्जंट बसला होता, त्यानेही मान वळवली. तेवढ्यासाठी मी तो बाळगत होतो. सफरचंद दोन आण्यांच्या चाकूनेही कापलं गेलं असतं.

माझ्या शेजारच्या चेनवर लान्स नायक उखा होता. सोनगीरचाच, शेतकऱ्याचा मुलगा, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा. मी त्याला उखाभाऊ म्हणे. तो मला पत्रक्या म्हणे. लोहार त्यानेच दाखवला होता, पण चाकू पाहून तो हसला.

"हाऊ चाकू शे का दारना अडसर?"

"तलवारीला बंदी आहे. ही घडीची तलवार."

"उघडी दखाड."

मी दोन्ही हातांनी उघडून दाखवला. स्प्रिंग इतकी कडक होती की एका हाताने जमत नसे.

"ज्याले उघडाले दोन हात लागतस, तो चाकू नही भाऊ. डबी शे."

सगळे हसले. मला राग आला.

उखाकडे सरकारी चाकू होता, आम्हा सर्वांना मिळालेला. बोटभर पातं, काळी मूठ, कमरेला दोरीने लटकवायचा. नवा असताना तोही कडकच असे. उखाने त्याची स्प्रिंग कानशीने घासून सैल केली होती आणि पात्याला एक छोटी खुंटी बसवून घेतली होती. अंगठा लावला की उघडे. कमरेवरच्या हाताने तो दोरी कापून हात परत कमरेवर ठेवत असे. त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं. कोणी पाहतही नसे.

माझा सरकारी चाकू मी पेटीत टाकून दिला होता.

भाद्रपदात हुकूम आला. कंपनीने जळगाव स्टेशनला चालत जायचं, तिथून खेचरं गाडीत चढवायची. पारोळा, एरंडोल, पाळधी असे मुक्काम झाले. पेट्या आणि बिछाने लॉरीने पुढे गेले होते. पाळधीला चौथ्या दिवशी सकाळी सव्वासहाला जमादार साहेबांनी किट तपासणी लावली. पुढे गिरणा होती. पाण्यात शिरताना प्रत्येक ड्रायव्हरच्या कमरेला चाकू हवा, अशी स्टँडिंग ऑर्डर, म्हणजे कायमचा हुकूम, होती.

माझा चाकू पेटीत, पेटी लॉरीत, लॉरी जळगावात. पोटरीवरचा दाखवला असता तर तो जप्त झाला असता आणि मला सात दिवसांची कैद.

उखाची तपासणी माझ्याआधी झाली. साहेब आमच्या दोघांमधल्या माणसाकडे वळले, तेवढ्यात माझ्या बुटाशी काहीतरी पडलं. त्याचा चाकू होता. त्याने तो हातात दिला नव्हता. आमच्याकडे चाकू हातात देत नाहीत. हातात दिला तर दोघांत भांडण होतं. खाली टाकायचा, दुसऱ्याने उचलायचा. मी बूट बांधायला वाकलो, चाकू उचलला, कमरेला अडकवला. साहेब आले, बघितलं, पुढे गेले.

रांग मोडल्यावर मी चाकू काढून त्याच्यापुढे धरला.

त्याने दोन्ही हात मागे घेतले. "हातमा नको देऊ. भांडन व्हई. खाले ठेव."

"उखाभाऊ, तूसुद्धा? ही अडाणी रूढी आहे. यावरच तर मी लेख—"

"बठ्ठं वाचस तू, पन गाठ सोडता येस नही. खाले ठेव."

मी ठेवला नाही. मला त्याला शहाणं करायचं होतं. हात पुढे करून मी तसाच उभा राहिलो, तो हात मागे धरून उभा राहिला. दोघेही हसत होतो. शिट्टी झाली. "चेन लगाओ." मी चाकू परत माझ्या कमरेला लावला आणि खेचरांकडे पळालो. वाटलं, जळगावला देऊ.

त्या वेळी सात वाजायला दहा मिनिटं कमी होती.

आठ वाजून पाच मिनिटांनी गिरणेवर पोचलो. आमची वाट नदीतून जाणाऱ्या दगडी फरशीवरून होती. फरशीवर गुडघ्याच्या खाली पाणी, रंग मातीचा. वर कुठेतरी पाऊस झाला होता. हवालदार आधी चालत जाऊन आला. पाण्यात चेन सोडून एकेक खेचर न्यायचं, हीही स्टँडिंग ऑर्डर होती. पण गाडी साडेदहाला लागायची होती आणि पाणी चढत होतं.

"चेन नहीं खोलना. जल्दी निकालो. फासला दस कदम," जमादार साहेब ओरडले.

उखा माझ्या पुढे होता. त्याच्या मागच्या खेचराला तो मावशी म्हणे. ती म्हातारी होती आणि पाण्याला भीत असे. तिच्यावर तंबूचे गठ्ठे होते. पावसाने आधीच भिजलेले.

अर्ध्यावर पाणी गुडघ्याच्या वर आलं. मावशी थबकली. उखा तिला बोलत होता, "चाल माय, चाल, तुना सासर दखास ते." तिचा मागचा पाय फरशीच्या कडेवरून सुटला. ती उताराच्या बाजूला पडली. दोरी ताणली गेली आणि पुढचं खेचर गुडघ्यांवर बसलं. उखा दोघांच्या मध्ये शिरला, गाठ सोडायला. भिजलेली गाठ सुटत नाही. मावशीने पाण्यात एक हिसका दिला आणि दोरी त्याच्या मांडीला वेढा घालून आवळली. तो आडवा पडला आणि कडेच्या खांबाला त्याने मिठी मारली.

मी माझी जोडी सोडून धावलो. उजव्या हाताने त्याचा कमरपट्टा धरला, पाय खांबाला लावले.

त्याचा हात कमरेशी गेला. तिथे काही नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"काप."

मी डाव्या हाताने पोटरीवरून माझा चाकू काढला. मूठ मांडीखाली दाबली आणि पातं ओढलं. एक आवाज झाला. दुसरा झाला. पातं अर्धं उघडलं आणि बोटं सटकली. मी तसंच ते दोरीवर दाबलं. पातं मागे फिरलं आणि माझ्या दोन बोटांवर मिटलं. ती बोटं आज वळत नाहीत. चाकू सोडवला. पात्याचं टोक दातांत धरून मूठ खेचली. माझा पुढचा एक दात तुटला. पहिले दोन आवाज पुन्हा झाले, मग तिसरा.

 पाणी उखाच्या हनुवटीला लागत होतं. तो माझ्या कमरेकडे पाहत होता. मला वाटलं, पाणी कुठवर चढलं ते बघतोय.

"पत्रक्या," तो म्हणाला. पुढे काही बोलायचं होतं. तोंडात पाणी गेलं.

चौथा आवाज झाला. तेवढ्यात पुढचं खेचरही कडेवरून गेलं. दोन खेचरांचं वजन एकदम त्या दोरीवर आलं.

पाचवा आवाज झाला तेव्हा माझ्या उजव्या हातात पट्टा नव्हता. डाव्या हातात उघडा चाकू होता. पातं पक्कं बसलं होतं.

हवालदाराने मला ओढून काठावर आणलं. मी म्हणत होतो, चाकू उघडला नाही, चाकू उघडला नाही. त्याने माझ्या हातातला मोठा चाकू काढून घेतला. मग माझ्या कमरेकडे बघितलं.

"तो ये क्या है?"

उखाचा चाकू दोरीला लटकत होता. हवालदाराने त्याच्या खुंटीला अंगठा लावला. तो उघडला.

दोन खेचरं त्याच दिवशी खाली वाळूत मिळाली. उखा तिसऱ्या दिवशी. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी सगळं सांगितलं. तपासणीची फसवणूक सांगितली, चाकू परत का दिला नाही तेही सांगितलं. शेवटचं लिहून घ्यायचं की नाही, यावर साहेबांनी थोडा विचार केला. लिहिलं नाही. मला अठ्ठावीस दिवस मिळाले. कमी होते.

सुटका झाल्यावर मी सोनगीरला गेलो. उखाच्या आईला सगळं गाव अक्का म्हणे. ती ओट्यावर ज्वारी निवडत होती. मी उभ्या उभ्या सांगितलं. इन्क्वायरीत जेवढं सांगितलं तेवढं, आणि लिहिलं गेलं नाही तेही.

तिने सूप खाली ठेवलं.

"त्याना चाकू तुनाजोडे व्हता?"

"हो, अक्का."

"आते शे?"

कंपनीने तो जमा करून घ्यायला हवा होता. हवालदाराने तो माझ्याकडे ठेवू दिला होता. का, ते त्याने सांगितलं नाही. मी चाकू काढून तिच्यापुढे धरला.

"हातमा नको देऊ," ती म्हणाली. "खाले ठेव."

मी ठेवला.  तिने उचलला, खुंटीला अंगठा लावला.

"उघडस," ती म्हणाली.

एवढंच. मग तिने सूप परत मांडीवर घेतलं. मी निघालो.

मोठा चाकूही हवालदाराने सुटकेनंतर परत दिला होता; तो मी त्याच लोहाराकडे नेला. त्याला पातं उघडं ठेवून खिळा मारायला सांगितलं. तो म्हणाला, मग त्याची मजा काय राहिली? मी म्हटलं, मार. आता तो मिटत नाही आणि वाजत नाही. घरात भोपळा कापायला उपयोगी पडतो.

पत्रकं मी अजूनही वाटतो. आपल्या हातात हत्यार हवं, हे मला आजही मान्य आहे. पण लोक गप्प व्हावेत म्हणून जे बाळगलं जातं, ते हत्यार नाही. मी तसलं बाळगलं आणि त्याची किंमत दुसऱ्याने दिली. लान्स नायक उखा, राहणार सोनगीर. त्याचं नाव कुठल्या दगडावर नाही, कारण तो शत्रूशी लढताना गेला नाही. म्हणून इथे लिहिलं.

आता माझी विनंती. आज घरी गेल्यावर पाण्याने भरलेली बादली उजव्या हातात धरा, डावा हात ओला करा आणि तुमचा चाकू उघडून बघा. मनात पाच मोजा. उघडला नाही तर तो बाळगू नका. आणि कुणाची वस्तू तुमच्याकडे राहिली असेल, तर वाटेला लागायच्या आधी परत करा. तो खाली ठेव म्हणाला, तर खाली ठेवा. त्याला शहाणं करायला थांबू नका.